मालवणचं सागरी अभयारण्य नक्की आहे कुठे?

भटकी_मुग्धा

मंडळी, गेल्या आठवड्यात चार दिवस मालवणला होते. किल्ला झाला, सोलकढी झाली, देवबागचा संगम झाला, नवऱ्याचं वॉटरस्पोर्ट झालं (मी किनाऱ्यावर पर्स सांभाळत). पण सगळ्यात भारी काय झालं तर शेवटच्या दिवशी सकाळी साडेसातला उठून एकटीच रॉक गार्डनच्या खालच्या खडकांवर गेले, पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, पाणी बरंच आत गेलं होतं आणि खडकांत ठिकठिकाणी डबकी साठलेली. पहिली पाच मिनिटं काहीच दिसलं नाही, नुसतं शेवाळं आणि वास. मग उकिडवी बसले, सावली पडणार नाही अशी, आणि हळूहळू डबकं हलायला लागलं म्हणजे ज्याला मी खडा समजत होते तो चालायला लागला, शंखातला खेकडा होता. एक हिरवट फुलासारखं काहीतरी खडकाला चिकटलेलं, बोट जरासं जवळ नेलं तर पाकळ्या आत ओढून घेऊन नुसता गोळा झाला. आणि एका कपारीत, शपथ घेऊन सांगते, तळहाताएवढा ऑक्टोपस! माझ्यासमोर चॉकलेटीचा राखाडी झाला आणि मग दिसेचना, मी पाच मिनिटं त्याच जागेकडे बघत बसले, तिथेच असणार पण नाहीच दिसला.

तिथे एक आजी कालवं काढत होत्या. टोकदार लोखंडी हत्याराने टक टक करून कवच उघडायचं, मांस डब्यात. मी उत्साहात एक दगड उलटा करून खाली काय आहे ते बघितलं आणि तसाच टाकून पुढे निघाले, तर मागून ओरडल्या, "गो बाय, धोंडो होतो तसो परत ठेव, खालच्यांका ऊन लागता." इतकी लाज वाटली. परत जाऊन ठेवला.

तर मूळ प्रश्न. घरी येऊन शोधलं तर कळलं मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. चार दिवसांत मला एकाही माणसाने हे सांगितलं नाही, मला तरी पाटी दिसली नाही, बोटवाल्याला विचारलं नव्हतं हे खरं पण त्यानेही आपणहून सांगितलं नाही. मग ते आहे कुठे? मी जिथे बसले होते ते त्यात येतं का? आणि अभयारण्य असेल तर त्या आजी कालवं काढू शकतात का?

---

शंकासुर

अभयारण्य कागदावर आहे. कागद कपाटात आहे. कपाटाची चावी कोणाकडे आहे ते विचारू नका.

---

कोकणस्थलांतरित

फोटो कुठायत? फोटो नाहीत म्हणजे ऑक्टोपस नाही :)

बाकी लेखन आवडलं. आम्ही मूळचे तिथलेच, जन्म गेला किनाऱ्यावर पण असं डबक्याशी बसून कधी बघितलं नाही. लहानपणी कुर्ल्या पकडायला जायचो तेवढंच.

---

ओहोटी_भरती

मी सागरी जीवशास्त्र शिकते आहे (अजून शिकतेच आहे, तज्ज्ञ वगैरे म्हणू नका), माहिती आहे तेवढी देते.

अधिसूचना १३ एप्रिल १९८७ ची, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. एकूण क्षेत्र २९.१२२ चौ. किमी. त्यात गाभा ३.१८२ आणि भोवतीचा पट्टा २५.९४. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे पाण्याखालचे खडक येतात. बाहेरच्या पट्ट्याची हद्द बंदराजवळ किनाऱ्यापासून ५० मीटरवर, पुढे वाळूच्या किनाऱ्याला समांतर ५०० मीटर अंतर ठेवून जाते, दक्षिणेला मांडेल आणि पश्चिमेला मालवण रॉक हे खडक. म्हणजे भटकी_मुग्धा, रेषा पाण्यात सुरू होते. तू ज्या खडकांवर बसली होतीस ते बहुधा अभयारण्याच्या बाहेरच.

म्हणजे तुझा ऑक्टोपस बेवारस :(

---

भटकी_मुग्धा

अरे देवा. म्हणजे मी जे बघून आले त्याला संरक्षणच नाही?? आणि किल्ला बघायला जाताना होडीत बसून जे पाणी ओलांडलं ते अभयारण्य होतं आणि मी त्यात सेल्फी काढत होते.

---

दांडीकर

मुग्धाताई, तुमी जंय बसलास ना, ता अभयारण्य न्हयच. आणि जंय अभयारण्य आसा थंय आमच्या चार पिढ्यांची जाळी पडतत. माझो आजो रापणीक जाय तेवा ह्या अभयारण्याचा नावय नव्हता.

आता जरा सगळ्यांना कळेल असं लिहितो. आम्ही गाबीत, म्हणजे मच्छीमार, दांडीवरचे. ८७ साली जेव्हा हे झालं तेव्हा मी शाळेत पण नव्हतो पण घरात जे ऐकलंय ते सांगतो, की लोकांना कळलं ते झाल्यावर. एक दिवस कोणीतरी सांगितलं की तुमच्या दारातला समुद्र आता जंगल खात्याचा. समुद्र आणि जंगल खातं! लोकं हसलीच आधी, मग घाबरली. तेव्हापासून आमच्याकडे अभयारण्य म्हटलं की म्हातारी माणसं अजून आवाज चढवतात. आणि ही भीती खोटी नाही, कारण बंदी घालायची झाली तर ती कोणावर पहिली घालतात? जो किनाऱ्यावर दिसतो त्याच्यावर. रात्री बाहेरून येऊन लाईट मारून मासे उपसून नेणारा कोणाला दिसतो?

कालवांचं म्हणाल तर ती आजी खडप (म्हणजे किनाऱ्यावरचा खडकांचा पट्टा) संपवत नाही. भरती आली की तिचं काम बंद, उधाण संपलं की पुढचे आठ दिवस बंद. तिला कॅलेंडर समुद्रानेच दिलंय.

---

शंकासुर

दांडीकर, सहमत पण एक शंका. पारंपरिक म्हणजे पवित्र असं काही आहे का? पिलं भरलेलं जाळं पारंपरिक माणसाने ओढलं काय आणि मशीनने ओढलं काय, पिलू मेलंच ना.

---

दांडीकर

बरोबर आहे, पवित्र कोणीच नाही. रापणीत पण बारीक येतं. पण आकडा बघा. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल करून जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावर धरून पन्नास साठ माणसांनी ओढायचं, कमरेएवढ्या पाण्यात, त्यात म्हातारे असतात, शाळा सुटलेली पोरं असतात. मग वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. जाळं पोचतं कुठवर, किनाऱ्यापासून थोडं आत. आणि खडपावर रापण ओढताच येत नाही, जाळं फाटतं, लाखाचं नुकसान. म्हणून जिथे खडक तिथे आमची रापण नाही आणि म्हणूनच तिथे गोब्रे, तांबोशी हे मासे आणि शेवंडी (लॉब्स्टर) टिकून राहिल्या. अभयारण्य सरकारने ८७ ला केलं, खडकांनी त्याच्या किती आधी केलं होतं कोणाला माहीत.

पर्ससीनला यातलं काही लागू नाही. जाळं गोल टाकायचं, खालून दोरी ओढून पिशवीसारखं बंद करायचं, अख्खा थवा आत. तारली, बांगडा, काय असेल ते. त्यात LED, सॉरी, एलईडी. रात्री पाण्यात प्रखर दिवे सोडले की मासे येतात उजेडाला, मोठा पण येतो, पिलू पण येतं.

---

ओहोटी_भरती

खडकांचा मुद्दा एकदम बरोबर, आमच्या मॅडम पण हेच सांगतात, फक्त इतकं छान नाही सांगत.

पर्ससीनबद्दल भर घालते. महाराष्ट्राने सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढला, पर्ससीनला वर्षातले सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने, आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे. एलईडीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली.

आणि दांडीकरदादा, तुमच्या आजोबांना कोणी विचारलं नाही यामागे कायद्यातलं पण एक कारण आहे. समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्यासाठी पुरेशी पावलं उचलावीत असं कलम कायद्यात आलं ते १९९१ च्या दुरुस्तीत. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षं आधीची.

---

दांडीकर

हे माहीत नव्हतं. चार वर्षं. बघा म्हणजे नशीब.

---

पाणबुड्या

धागा उशिरा बघितला. मी त्या भागात बरीच वर्षं डायव्हिंग करतोय, आधी हौस म्हणून, आता पोट पण त्यावरच आहे त्यामुळे माझं मत मीठ लावून घ्या.

लोकांना वाटतं कोरल म्हणजे अंदमान, लक्षद्वीप, रंगीत झाडं, निमो. मालवणला तसं नाही. आमच्याकडे पाणी गढूळ, पावसाळ्यात खाड्यांतून माती येते, त्यामुळे इथे टिकतात ते बसके, गोल, खडकाला पसरलेले प्रकार. पोरायटीस, फॅवायटीस, टर्बिनेरिया, गोनिओपोरा. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो दगडच वाटतो. आणि तीच अडचण आहे कारण दगड वाटतो म्हणून त्यावर उभे राहतात! स्नॉर्केलिंगला आलेला माणूस घाबरला की पाय खाली टाकतो, आणि खाली जे आहे ते वर्षाला काही मिलिमीटर वाढणारं आहे, एका लाथेत किती वर्षं गेली हिशोब करा. ते दगड नाहीत, हजारो छोट्या जीवांची वसाहत आहे, त्यांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, तेच उन्हात त्यांचं बरंचसं अन्न तयार करतं. पाणी जास्त तापलं की ते शैवाल बाहेर पडतं, कोरल पांढरं पडतं. मी पांढरी पडलेली कोरलं इथेच बघितली आहेत, काही सावरली, काही सावरली नाहीत, नंतर त्यांच्यावर शेवाळ चढलं.

दुसरं म्हणजे नांगर. होडी थांबवायला नांगर टाकतात, तो जातो थेट खडकावर, लाटेबरोबर खरवडत राहतो. उपाय सोपा आहे, तळाला एकदाच पक्कं वजन बसवायचं, त्याला वर बोया, सगळ्यांनी दोरी त्या बोयाला बांधायची. हे करा म्हणून मी एका मालकाला सांगितलं तर म्हणाला, "बोया मी बसवणार आणि बांधणार शेजारी?" तर हे असं आहे.

आणि पाव. कृपा करून माशांना पाव, बिस्किट घालू नका. फोटोला मासे गोळा होतात म्हणून घालतात. दोनच जातीचे आगाऊ मासे माजतात, बाकीचे दूर जातात, खडकावरचं शेवाळ खायचं आपलं काम सोडून पावाची वाट बघत बसतात.

---

कोकणस्थलांतरित

पावाचं वाचून अपराधी वाटलं. आम्ही पण घातला होता. आम्हाला बोटीवरच दहा रुपयांचा पाव पन्नासला विकला होता.

---

प्राजक्ता_ताई

इथे ऑकलंडहून लिहितेय म्हणून थोडं अवांतर चालेल ना. आमच्यापासून तासाभरावर लेई म्हणून गाव आहे, तिथे गोट आयलंड नावाची जागा, अगदी असाच खडकाळ किनारा. १९७५ साली तिथे न्यूझीलंडमधलं पहिलं सागरी राखीव क्षेत्र झालं, जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर, म्हणजे मालवणच्या पाचव्या हिश्श्याहून लहान. बिल बॅलन्टाईन नावाच्या शास्त्रज्ञांनी मागे लागून लागून करून घेतलं, तिथेच ऑकलंड विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे. नियम एकच, काहीही घ्यायचं नाही. मासा नाही, शिंपला नाही, दगडही नाही.

आधी काय झालं होतं की स्नॅपर आणि क्रेफिश (आपल्या शेवंडीची बहीण) इतके मारले की त्यांचं खाणं असलेले काटेरी समुद्री साळींदर, म्हणजे सी अर्चिन, बेसुमार वाढले आणि त्यांनी पाण्याखालचं शेवाळाचं जंगल फस्त केलं, उघडे खडक राहिले. मासेमारी थांबल्यावर बऱ्याच वर्षांनी मोठे मासे आले, अर्चिन आटोक्यात आले, जंगल परत उगवलं. मी माझ्या मुलाला घेऊन जाते, गुडघाभर पाण्यात एवढाले स्नॅपर पायाशी येतात.

आता दांडीकर, तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. सुरुवातीला तिथल्या लोकांचा पण विरोध होता. नंतर क्रेफिशवाले हद्दीच्या रेषेला लागूनच पिंजरे लावायला लागले, कारण आतलं वाढून बाहेर येतं. अर्थात तिथे किनाऱ्यावर चार पिढ्या रापण ओढणारी वस्ती नव्हती, त्यामुळे तोच नियम उचलून मालवणला लावा असं मी म्हणणार नाही.

---

शंकासुर

न्यूझीलंडची लोकसंख्या किती, आमच्या सिंधुदुर्गात गणपतीला येतात किती :)

---

दांडीकर

प्राजक्ताताई, तुमचं पटतंय, रेषेबाहेर पिंजरे लावले हे तर एकदम पटलं कारण आम्ही तेच केलं असतं. पण बघा, तिथे रेषा दिसत असणार. आमच्याकडे रेषा नकाशात. मी तुम्हाला सांगतो, मी रोज ज्या पाण्यात जातो त्यातली हद्द मला आज नेमकी दाखवता येणार नाही. मालवण रॉक दिसतो, तो कळतो. मधे काय? पाण्यावर काय चुना मारणार? चार बोये टाका, त्यावर दिवा लावा, आम्हाला बोलावून टाका, कुठे टाकायचे ते आम्ही सांगतो. गोब्रा कुठल्या कपारीत पिलं घालतो ते आम्हाला माहीत आहे, ती जागा आम्हीच सोडून देऊ. तेवढी सोडा आणि रात्रीचे दिवे बंद करा, मग बघा.

---

ओहोटी_भरती

मासे पिलं नाही घालत दादा, अंडी :)

पण मुद्दा शंभर टक्के. गाभा ३ चौ. किमीच आहे. तेवढा खरोखर शांत राहिला तर भोवतीच्या २६ मध्ये मासेमारीचं भलंच होईल. सगळीकडे अर्धी बंदी आणि कुठेच पूर्ण नाही, यात कोणाचंच काही होत नाही.

---

आजोबा_वायरीचे

नमस्कार. नातवाने टंकून दिले आहे, चुका त्याच्या.

दांडीवर मोरयाचा धोंडा आहे. महाराजांनी १६६४ साली किल्ल्याचे काम सुरू करण्याआधी तिथे पूजा केली असे आम्ही मानतो. कुरटे बेटाच्या खडकावर किल्ला उभा राहिला, भोवती खडक असल्यामुळे परक्याचे जहाज जवळ येऊ शकत नसे. वाट माहीत असलेलाच आत येणार. तेच खडक आता माशांना उपयोगी पडत आहेत. आम्ही लहानपणी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, दांडीवरून पद्मगडापर्यंत चालत जायचो, तेव्हा दोन्ही बाजूला पाण्यात पाय बुडाला की माशांची पिले पोटरीला टोचायची. हल्ली नातू जातो, तो म्हणतो मला काही टोचत नाही. आता त्याची पोटरी जाड झाली की मासे कमी झाले ते तुम्ही ठरवा.

---

कोकणस्थलांतरित

आजोबा __/\__ . धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद.

---

सरळ_सोट

एवढी चर्चा चालू आहे पण या सगळ्याला जबाबदार कोण आहे ते कोणी बोलत नाही. १९८७ नंतर जे जे सत्तेत

---

सरळ_सोट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

पाणबुड्या

धन्यवाद, धाग्याचं काश्मीर होता होता वाचलं.

मुग्धा, तुझा पहिला प्रश्न राहिला की तू बसलीस त्या डबक्यांना संरक्षण आहे का. जागेला नाही पण जिवांना काही प्रमाणात आहे. कोरल, समुद्री घोडा, समुद्र काकडी हे कायद्याच्या अनुसूचीत आहेत, हद्दीच्या आत असो की बाहेर. २००१ पासून. म्हणजे किनाऱ्यावर वाहून आलेला कोरलचा तुकडा शोकेससाठी उचलून नेणं पण गुन्हाच. काही मोठे शंख पण त्यात येतात, किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर विकायला असतात त्यातला एखादा असू शकतो, त्यामुळे मी तर सरळ सांगतो शंख घेऊच नका, खाजं घ्या.

आजींची कालवं या यादीत नाहीत. चिंता नसावी.

---

भटकी_मुग्धा

किती किती माहिती मिळाली, वाचनखूण साठवली आहे. आजींचं ऐकून हायसं वाटलं.

एक प्रॅक्टिकल प्रश्न. मला परत जायचंय, यावेळी लेकीला घेऊन (वय ९, प्रश्न रोज ९००). पाणी कधी आत जातं हे आधी कसं कळतं? मागच्या वेळी मला नुसतं नशिबाने मिळालं.

---

दांडीकर

सोप्पं आहे, कॅलेंडर घ्या. तिथी गुणिले तीन भागिले चार, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. द्वितीया असेल तर दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. म्हणजे दीडच्या आसपास भरती, त्याच्या सहा तास आधी ओहोटी, सकाळी साडेसात. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. मिनिटाला मिनिट बरोबर येणार नाही पण अर्धा पाऊण तास इकडे तिकडे, चालतं. अष्टमीच्या आसपास येऊ नका, तेव्हा भांग असतो, पाणी धड वर नाही धड खाली नाही, खडप उघडं पडतच नाही. पावसात तर नकोच, २६ मे ते ३१ ऑगस्ट पर्यटनाच्या होड्या पण बंद असतात आणि खडपावर पाय सटकला तर कोण उचलायला येणार नाही.

चपला घालून या, रबरी नको, पट्ट्याचे सँडल. कालवांच्या कवचाने पाय कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही. समुद्राकडे पाठ करून बसू नका. पाणी परत चढायला लागलं की निघा, फोटो राहिला म्हणून थांबू नका.

---

ओहोटी_भरती

आणि पांढरी प्लॅस्टिकची डबी किंवा वाटी घेऊन जा, डबक्यातला जीव बघायचा तर पाण्यासकट हळूच वाटीत, बघून लगेच तिथेच परत. दुसऱ्या डबक्यात नाही, त्याच. गोगलगायीसारखं रंगीत दिसलं तर मला फोटो पाठव, त्यांची नावं शोधायचा मला नाद आहे. शंखातला खेकडा हातावर घेतला तर लेकीला म्हणावं श्वास रोखून वाट बघ, मिनिटभराने तो बाहेर येतो.

---

भटकी_मुग्धा

कॅलेंडर काढलंय. कृष्ण द्वितीया शनिवारी येतेय पुढच्या महिन्यात. शुक्रवारची रात्रीची ट्रेन कुडाळपर्यंत, वेटिंग ४१.

---

शंकासुर

४१ कन्फर्म होत नाही.

---

दांडीकर

नाय झाला तर एसटीन् येवा. आणि त्या आजीक विचारा माझो नाव सांगून, ती माझ्या आवशीची मावशी. कालवां घेतल्याशिवाय जावक देवची नाय.